आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

आपल्या धर्मग्रामांत लग्नसराई सुरू झाली की एक वाद हमखास निघतो. मांडवात डीजे असावा की नसावा, असला तर किती वाजेपर्यंत, आणि त्याच्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांमुळे शेजारच्या घरातल्या आजाऱ्याच्या छातीत धडकी भरते त्याचे काय? वाद योग्यच आहे. त्याचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मात्र त्या वादात एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते: 'हा पाश्चात्त्य धांगडधिंगा आहे, आपल्या संस्कृतीशी आणि आपल्या श्रद्धेशी याचा काय संबंध?' धांगडधिंगा म्हणावे की न म्हणावे हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न. 'पाश्चात्त्य' हे विशेषण आणि श्रद्धेविषयीचा तो प्रश्न या दोन गोष्टी मात्र तपासून पाहण्याजोग्या आहेत. हे संगीत ज्यांनी घडवले ते पश्चिमेत राहत होते हे खरे. पण पश्चिमेने त्यांना आपले म्हटले नव्हते. आणि त्यांचे पहिले संगीतविद्यालय होते प्रार्थनामंदिर.

सुरुवात एका गाण्यापासून करू. १९८९ साली 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन संचाची 'राइड ऑन टाइम' ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक सडपातळ, देखणी तरुणी ते गात असल्याचे दिसे. ती गात नव्हती. ती फ्रान्समधील मॉडेल होती आणि केवळ ओठ हलवत होती. आवाज होता शिकागोच्या लोलिएटा हॉलोवे या गायिकेचा. तिने १९८० साली गायलेल्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातून तो तुकड्यातुकड्यांनी उचलून यंत्रात भरला होता. ध्वनिमुद्रिकेवर तिचे नाव नव्हते. पुढे कायदेशीर तडजोड झाली, मोबदलाही मिळाला. पण जगाने तो आवाज ऐकला तेव्हा तो कुणाचा आहे हे जगाला ठाऊक नव्हते.

ही लोलिएटा लहानपणी आईच्या गायकवृंदात गात असे आणि पुढे 'कॅराव्हान्स' या नामांकित गॉस्पेल संचात गायली. त्या गाण्यातला तिचा स्वर ऐकावा. एकच शब्द ती छातीतून उचलते, घशात घोळवते आणि वरच्या पट्टीत असा फेकते की ऐकणाऱ्याने नकळत मान वर करावी. प्रवचनाच्या शेवटी प्रवचनकाराच्या हाकेला उत्तर देण्यासाठी कमावलेला हा स्वर आहे. इटालियन तंत्रज्ञांनी तो उचलला तेव्हा त्यांच्या हाती केवळ एक 'नमुना' लागला नव्हता. एका उपासनेची शंभर वर्षांची मेहनत लागली होती.

दुसरे उदाहरण मार्था वॉश हिचे. तीही गॉस्पेलमध्ये वाढलेली. 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी' या संचाच्या १९९० सालच्या प्रचंड गाजलेल्या गाण्यातली हाक तिची आणि 'ब्लॅक बॉक्स'च्या अनेक गाण्यांतला आवाजही तिचाच. चित्रफितींत मात्र दुसऱ्याच तरुणी. मार्था अंगाने स्थूल होती. व्यापाऱ्यांना ती पडद्यावर नको होती. तिने न्यायालयात दाद मागितली आणि तिच्या लढ्यानंतर अमेरिकेत अशा ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव देण्याचा दंडक पडला.

येथे थोडे थांबले पाहिजे. वंशभेदाची कथा म्हणताच गोऱ्याने काळ्याचे लुटले असे सरळ चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो. येथे तसे नाही. पडद्यावरच्या त्या तरुणीही कृष्णवर्णीयच होत्या. बाजाराला कृष्णवर्णीय आवाज हवा होता आणि कृष्णवर्णीय सौंदर्यही हवे होते. नको होती ती या दोहोंना एकत्र धारण करणारी जिवंत, प्रौढ, हक्क सांगणारी स्त्री. माणसाचे अवयव सुटे करून विकण्याची ही रीत अमेरिकेच्या इतिहासात नवी नव्हे. गुलामांच्या बाजारात दात, दंड आणि पाठ स्वतंत्रपणे पारखली जात असे.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे पार्श्वगायन असतेच की. बरोबर. 'महल' या १९४९ सालच्या चित्रपटातील सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीला विचारणा केली आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. आपल्या श्रोत्यांनी विचारले, हा फरक महत्त्वाचा. अर्थात गायकाविषयी विचारणाऱ्या त्याच श्रोत्यांनी वाद्यमेळ कुणी बांधला असे विचारले नाही. म्हणून सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या आपल्या गोमंतकीय बांधवांची नावे कितीतरी दशके आतल्या वर्तुळापुरतीच राहिली.

आता त्या आवाजाच्या मुळाकडे जाऊ. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत बंड केले. पुढच्याच वर्षी तेथे जो कायदा झाला त्याने गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी केली. आपल्या वाचकांना या सनावळीत एक ओळखीचा सूर ऐकू येईल: १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नांतून देशी वाद्ये आणि ओव्या हद्दपार केल्या होत्या. सत्ता वेगळ्या, हेतू वेगळे. पण ढोलात माणसे एकत्र आणण्याचे सामर्थ्य असते हे दोघांनीही अचूक ओळखले होते.

ढोल गेला, तेव्हा शरीराचाच ढोल झाला. टाळ्या, मांडीवरच्या थापा, लाकडी जमिनीवर आपटणारी पावले. प्रार्थनेच्या वेळी गुलाम मंडळी वर्तुळात फिरत आणि पाय जमिनीवरून घासत पुढे सरकत. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांचा एक नियम होता: पाय एकमेकांवरून ओलांडले तर ते नृत्य, म्हणजे पाप, न ओलांडता घासत राहिले तर ती उपासना. नृत्य आणि प्रार्थना यांतले अंतर एका पावलाचे होते आणि ते पाऊल कोठे पडते यावर डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसे होती. ते अंतर पुढेही कधी फार वाढले नाही. आपण पाहू त्या सगळ्या कथेत तेच एक पाऊल पुन्हा पुन्हा इकडचे तिकडे पडताना दिसते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेतला जाच सोडून उत्तरेच्या औद्योगिक शहरांत आली. त्यांत थॉमस डॉर्सी नावाचा तरुण होता. बाप्टिस्ट उपदेशकाचा मुलगा; पण शिकागोत तो 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूजच्या मैफलींत पियानो वाजवी आणि त्याची काही गाणी चारचौघांत म्हणण्याजोगी नव्हती. १९३२ साली बाळंतपणात त्याची पत्नी नेटी गेली, पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखातून त्याने प्रभूचा हात मागणारे जे गीत रचले ते पुढे साऱ्या ख्रिस्ती जगात गायले गेले. शिकागोच्या पिल्ग्रिम बाप्टिस्ट मंदिरात त्याने गॉस्पेल गायकवृंद उभा केला. तेथील प्रतिष्ठित मंडळींनी तक्रार केली की हा मद्यालयातला ताल देवळात आणतो. तक्रार खरी होती! डॉर्सीने तो ताल तेथूनच आणला होता. म्हणजे नृत्यगृहातून प्रार्थनामंदिरात आणि पन्नास वर्षांनी त्याच शहरात प्रार्थनामंदिरातून नृत्यगृहात, असा या संगीताचा प्रवास आहे.

गॉस्पेल गाण्याची एक रचना येथे समजून घेणे अगत्याचे आहे. गाण्याची कडवी संपतात, पण गाणे संपत नाही. वादक दोन मात्रावळींचा एक लहानसा तुकडा धरून बसतात आणि तो पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. मुख्य गायिका त्यावर मनात येईल तसे गात सुटते, वृंद एकाच शब्दाने तिला उत्तर देतो. कीर्तनाच्या अखेरीस गजर सुरू झाला की टाळकरी जसे एका नामावर स्थिर होतात आणि लय चढत जाते, तसेच हे. ज्याला आज 'हाउस' म्हणतात ते संगीत म्हणजे, माझ्या मते, हा शेवटचा गजरच होय; त्याच्या आधीची कडवी तेवढी गळून पडली आहेत. 'एकच एक काय वाजवत बसतात' ही आपली तक्रार त्या गजराचे प्रयोजन न कळल्यातून येते. पुनरावृत्ती हा कल्पनेचा दुष्काळ असेलच असे नाही. जपमाळेची पन्नास 'नमो मरिया' म्हणणाऱ्या घरांना हे निराळे सांगायला नको.

ठोक्याचे गाव मात्र फिलाडेल्फिया. तेथील अर्ल यंग या कृष्णवर्णीय तालवादकाने १९७३ साली हॅरॉल्ड मेल्व्हिनच्या संचासाठी वाजवताना पायाचा मोठा ढोल चारही मात्रांवर समान दिला आणि मधल्या जागा झांजेने भरल्या. तोच डिस्कोचा ठोका झाला. आज वसईच्या मांडवात जो ठोका छातीवर आदळतो तो याच ठोक्याचा वारस.

डिस्को गोऱ्या समाजात लोकप्रिय झाला, अति झाला, चित्रपटांनी आणि कंपन्यांनी तो पिळून काढला. त्याविरुद्ध वैताग येणे स्वाभाविकच होते. पण १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर जे घडले ते निव्वळ वैतागातून घडले असे म्हणवत नाही. स्टीव्ह डाल या नभोवाणी निवेदकाने घोषणा केली होती की जो डिस्कोची तबकडी जाळण्यासाठी आणील त्याला अठ्ठ्याण्णव सेंटात बेसबॉलच्या सामन्याला प्रवेश. सुमारे पन्नास हजार लोक जमले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली गेली, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या संध्याकाळी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा करत होता. आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी काहीही संबंध नसलेल्या अनेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. डाल यांनी वंशद्वेषाचा आरोप सतत नाकारला आहे आणि त्यांच्या मनात काय होते हे आपण ठरवू नये. पण जमावाने काय जाळले हे पाहणारा साक्षीदार होता, आणि त्याच मुलाने पाच वर्षांनी जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाउस संगीताची पहिली तबकडी म्हणून बहुधा तिचेच नाव घेतले जाते.

'हाउस' हे नाव पडले ते 'वेअरहाउस' या नृत्यगृहावरून, असे सर्वसाधारणपणे सांगतात. शिकागोच्या साउथ जेफरसन रस्त्यावर २०६ क्रमांकाची एक औद्योगिक इमारत. १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा तरुण तेथे शनिवारी रात्री तबकड्या वाजवू लागला आणि रविवार उजाडून वर येईपर्यंत तो वाजवत असे. नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे तरुण होते आणि त्यांतील पुष्कळसे समलिंगी. हे शेवटचे आपल्या मासिकांत सहसा लिहिले जात नाही. पण ते वगळले तर कथा खोटी होते. गोऱ्यांच्या नृत्यगृहांत त्यांना कातडीच्या रंगामुळे मज्जाव, आणि स्वतःच्या समाजात, ज्या मंदिराच्या गायकवृंदात ते वाढले तेथेसुद्धा, त्यांच्याविषयी कुजबुज. कृपेतून घसरलेल्यांचे देऊळ, अशा अर्थाचे वर्णन नकल्सने त्या जागेचे केले होते.

या वर्णनाने आपण अस्वस्थ व्हावे, रागावू नये. ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ती आपणांस ठाऊक आहे. त्याच शिकवणीचा १९९२ सालचा ग्रंथ अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा असेही सांगतो. शिकागोच्या त्या तरुणांना गाण्याची भूक देवळाने लावली होती आणि ती भागवण्यासाठी गोदाम शोधावे लागले होते. तेथे सर्व काही निष्पाप होते असे कुणी म्हणणार नाही. मादक द्रव्यांनी या संगीताच्या सोबतीने पुढे किती तरुण गिळले हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही त्या गोदामात जे गायले गेले त्याचे विषय पाहा: वचनदत्त भूमी, उद्याचा दिवस, भाऊबंदकी विसरलेले बंधुत्व. जो स्मूथ याच्या १९८७ सालच्या गीताचे नावच 'प्रॉमिस्ड लँड' आहे. निर्गमनाचा ग्रंथ ज्यांच्या रक्तात नव्हे, पण पाठांतरात भिनला आहे, त्यांचीच ही भाषा.

हे बाप्टिस्टांचे झाले, आमचा कॅथलिकांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी शिकागोतीलच एक नाव. फादर ऑगस्टस टोल्टन. १८५४ साली गुलामीत जन्म. अमेरिकेतील एकही सेमिनरी प्रवेश देईना म्हणून रोमला जाऊन १८८६ साली गुरुदीक्षा घेतली. शिकागोत सेंट मोनिका हे कृष्णवर्णीयांचे चर्च त्यांनी उभे केले आणि १८९७ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, उष्म्याच्या लाटेत ते कोसळले. २०१९ साली त्यांना 'वंदनीय' घोषित करण्यात आले. चर्चमध्ये कृष्णवर्णीयाचा देह स्वीकारायला आपल्याला वेळ लागला, मग त्याचा ताल स्वीकारायला लागला यात नवल नाही. १९०३ साली दहाव्या पायस पोपमहोदयांनी पवित्र संगीताविषयीच्या आदेशात पियानो आणि ढोल-झांजा यांना उपासनेत मनाई केली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा ऑपेराने बिघडवलेली इटालियन चर्चे असावीत. पण त्या यादीत साऱ्या आफ्रिकेचा वाद्यमेळ अडकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या संगीतपरंपरांना मान दिला आणि पुढच्याच वर्षी फादर क्लॅरेन्स रिव्हर्स यांचे गॉस्पेलच्या वळणाचे गीत सेंट लुइस येथे इंग्रजी मिस्सात गायले गेले. जून १९८९ मध्ये सिस्टर थिया बोमन चाकाच्या खुर्चीत बसून, कर्करोगाने जर्जर अवस्थेत, अमेरिकेच्या बिशपांपुढे गायल्या. नुसत्या गायल्या नाहीत तर त्या साऱ्या बिशपांना उभे करून, हातात हात गुंफून गायला लावले. त्याच वर्षी लोलिएटाचा आवाज युरोपात दुसऱ्याच्या ओठांवर फिरत होता.

यंत्रांविषयी थोडे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली 'टीबी-३०३' नावाची एक चंदेरी पेटी काढली. एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी हा तिचा हेतू. साथ कुणालाच आवडली नाही. उत्पादन लवकरच थांबले आणि पेट्या जुन्या बाजारात कवडीमोलाने आल्या. शिकागोच्या 'फ्यूचर' या संचातल्या मुलांनी ती पेटी घेतली, तिच्या कळा भलत्याच फिरवल्या आणि तिचा चिवट, किंचाळणारा स्वर हाच मुख्य स्वर केला. १९८७ सालची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी त्यातून निघाली. (ती मला लांबलेली वाटते, अकरा मिनिटांतली सहा पुरेशी होती.) गंमत अशी की हीच पेटी पाच वर्षे आधी मुंबईत पोहोचली होती. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली तिच्यावर दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. कुणी लक्ष दिले नाही. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाले तेव्हा युरोपातील रसिक चकित झाले आणि शिकागोच्या आधी मुंबई, असे मथळे झळकले. आपल्याला आनंद होणे साहजिक आहे, पण त्याचा अर्थ ताणू नये. चरणजितसिंगांची ध्वनिमुद्रिका शिकागोत कुणी ऐकली नव्हती. यंत्र एकच होते. शिकागोत त्याच्याभोवती नाचणारा समाज होता, येथे नव्हता. यंत्राने संगीत जन्मत नाही हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

शिकागोपासून काही तासांवरचे डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथील 'टेक्नो'ची कथा वंशाच्या सोप्या सिद्धांतांना आणखी अडचणीची आहे. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे बेलव्हिलच्या शाळेतले तीन कृष्णवर्णीय मित्र. त्यांना वेड लावले ते जर्मनीच्या 'क्राफ्टवर्क' या गोऱ्या संचाच्या यंत्रसंगीताने. म्हणजे हे 'शुद्ध आफ्रिकी' नव्हे. मग कृष्णवर्णीयांचे कसे? मला वाटते, उत्तर रक्तात शोधण्यातच चूक आहे. 'त्यांच्या रक्तातच ताल असतो' हे वाक्य स्तुतीसारखे दिसते. प्रत्यक्षात ते मेहनतीचे श्रेय हिरावून घेते. गोव्याच्या लोकांविषयी 'हे जन्मजात संगीतकार' असे म्हणतात तेव्हाही हेच होते. सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी पोरांच्या हातावर छडी मारून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले, ते सारे त्या एका वाक्यात पुसले जाते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय वादक आपला जॅझ संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्याच्यासारख्यांकडून गोमंतकीय वादकांनी जॅझ उचलला. चिक चॉकलेट यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रक्ताचा संबंध शून्य, शिकण्याचा संबंध पूर्ण. डेट्रॉइटच्या मुलांनी जर्मन यंत्रांकडून जे घेतले ते असेच घेतले, आणि घेतल्याचे उघडपणे सांगितले. उसनवारीत पाप नाही. उसने घेतल्याचे न सांगण्यात आहे.

डेरिक मे याची १९८७ सालची 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' ही रचना या साऱ्या दालनातील मला सर्वांत उंच वाटते. तिच्यात खर्जाची ओळच नाही. पियानोचे तुटक आघात आणि त्यांवर धावणारे तंतुवाद्यांचे कृत्रिम स्वर, जणू पायाखालची जमीन काढून घेतलेला माणूस पळत सुटला आहे. कारखाने ओस पडत चाललेल्या शहरातला तो स्वर आहे हे सांगावे लागत नाही.

पुढचा इतिहास लवकर सांगता येतो. १९८८ च्या सुमारास हे संगीत ब्रिटनमध्ये पोहोचले आणि वणव्यासारखे पसरले. १९९४ साली ब्रिटिश संसदेने उघड्यावरच्या नृत्यमेळ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला तेव्हा पुनरावृत्त ठोक्यांची व्याख्या चक्क कायद्याच्या भाषेत करावी लागली. १७४० च्या ढोलबंदीची आठवण येथे कुणाला झाली तर दोष देता येणार नाही. जर्मनी, हॉलंड, बेल्जियम येथे त्याचे उद्योग झाले. दोन दशकांनी ते 'ईडीएम' या व्यापारी नावाने अमेरिकेत परत आले तेव्हा तेथील कित्येक तरुणांना ते युरोपचे संगीत वाटले.

आणि गोवा. अंजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या मागोमाग हे यंत्रसंगीत आले. तेथे वाजवणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात एक पद्धत पाडली: कॅसेटवरच्या गाण्यांतले गायन कापून टाकायचे आणि केवळ यंत्रनाद जोडत न्यायचा. त्यांनी कापली ती प्रामुख्याने युरोपीय गाणी, तेव्हा कृष्णवर्णीयांचा आवाज हेतुपुरस्सर पुसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिणाम मात्र असा झाला की 'गोवा ट्रान्स' म्हणून जे जगभर गेले त्यात ना शिकागोची हाक उरली, ना गोव्याचा मांडो. उरले फक्त गावाचे नाव. अरुण सालढाणा यांनी २००७ सालच्या 'सायकेडेलिक व्हाइट' या इंग्रजी ग्रंथात अंजुण्याच्या या मेळ्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. मध्यरात्री नाचात देशी पर्यटक असत; पहाट होई तसे नाचाचे मैदान हळूहळू गोऱ्यांचे होत जाई. कुणी पाटी लावलेली नसे, कुणी हाकलत नसे. तरीही माणसे रंगानुसार दाट-विरळ होत. कडेला चटया अंथरून चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या स्थानिक बाया रात्रभर जागत. ग्रंथाची भाषा अवघड आहे, कित्येक पाने तत्त्वज्ञांच्या नावांनी विनाकारण जड झाली आहेत. पण ही निरीक्षणे विसरता येत नाहीत. आपले गाव, आपला किनारा, आणि नाचाच्या कडेला चहाची किटली घेऊन बसलेली आपलीच माणसे.

अलीकडे थोडी परतफेड होत आहे. वेअरहाउसच्या त्या इमारतीला २०२३ साली शिकागो शहराने वारसावास्तूचा दर्जा दिला. तो पाहायला नकल्स हयात नव्हता. तो २०१४ साली वारला. लोलिएटा हॉलोवे त्याआधीच, २०११ साली गेली.

ज्यांना हे सारे वाचून प्रत्यक्ष काही ऐकावेसे वाटेल त्यांनी डीजेकडे जाऊ नये. 'स्टँड ऑन द वर्ड' हे गाणे शोधावे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फिलिस जूबेर या गायकवृंदाच्या संचालिकेने ते रचले आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील एका बाप्टिस्ट मंदिरात ते ध्वनिमुद्रित झाले. शब्द निखळ धर्मशिक्षणाचे आहेत: देवाच्या वचनावर पाय रोवून उभे राहा, एवढेच. ती तबकडी पुढे नृत्यगृहांत गेली आणि पहाटेच्या वेळी वाजू लागली. आपल्या धर्मग्रामांतील युवकांच्या गायकवृंदाला ते बसवता येईल. ध्वनिक्षेपकांची भिंत त्याला लागत नाही. पियानो बरा असावा आणि टाळ्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडाव्यात. आपल्याकडे त्या बहुधा पहिल्या-तिसऱ्यावर पडतात.